हवं तेवढंच ऐकणारा रेडिओ

"काका, यावर पोलिसांचं लागतं का?"

माझ्या कमरेला वायरलेसची हँडी दिसली की त्र्यंबकमधलं कुठलंही पोर पहिला प्रश्न हाच विचारतं. मोठी माणसंही विचारतात, फक्त जरा आवाज खाली करून. माझं उत्तर ठरलेलं आहे: लागत असलं तरी मी लावत नाही, आणि तूही लावायचं नाही. पोर हिरमुसतं. मग मेनरोडच्या कडेला उभं राहून त्याला सगळं समजावून सांगणं आलंच. तेच आज सविस्तर लिहितो आहे, कारण सिंहस्थाच्या निमित्ताने गावात वॉकी-टॉकी फार दिसू लागले आहेत. मंडळांकडे आहेत, लॉजवाल्यांकडे आहेत, पार्किंगच्या पोरांकडे आहेत. ते कसे ऐकतात, काय ऐकावं आणि काय ऐकू नये, हे मात्र कुणी कुणाला सांगताना दिसत नाही.

माझं कुशावर्त कुंडाच्या मागच्या गल्लीत रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. हयात सोल्डरिंगच्या वासात गेली. पुढे परीक्षा देऊन हॅम, म्हणजे हौशी, रेडिओचा परवाना काढला आणि बोलायला व ऐकायला एक वेगळंच आकाश मिळालं. या लेखात स्कॅनर म्हणतो आहे तो माझ्या हँडीतला स्कॅनच. परदेशात नुसतं ऐकण्यासाठी वेगळे स्कॅनर मिळतात, त्यांचंही काम याच तत्त्वावर चालतं.

घरातला रेडिओ एका जागी थांबतो. १०१.४ लावलं की आकाशवाणी नाशिक, आणि आपण हात लावेपर्यंत तेच. स्कॅनर थांबत नाही. रात्रीचा गस्तवाला जसा दारांच्या कड्या हलवून बघत पुढे जातो, तसा तो एकेक फ्रिक्वेन्सी तपासतो. सिग्नल नसला की पुढची, असला की थांबतो आणि ऐकवतो. कुणी बोलतं आहे की नाही हे त्याला स्क्वेल्चवरून कळतं. स्क्वेल्च म्हणजे ठरावीक ताकदीपेक्षा कमी जे काही येईल ते दाबून टाकणारा दरवाजा. हा दरवाजा फार उघडा ठेवला की नुसत्या खरखरीवरही स्कॅनर अडकून बसतो. फार बंद केला की लांबचा, क्षीण आवाज कधीच आत येत नाही. त्र्यंबकमध्ये एलईडीच्या माळा, स्वस्त चार्जर आणि जनरेटर यांचा विद्युत गोंगाट एवढा आहे की श्रावणात गावातला स्क्वेल्च आणि अंजनेरी डोंगराच्या पायथ्याचा स्क्वेल्च एकच ठेवून चालत नाही.

आता खरा मुद्दा वेगाचा आहे. लोकांना वाटतं, जितकं जास्त ऐकेल तितका रेडिओ चांगला. जरा हिशेब करू. १३६ ते १७४ मेगाहर्ट्झ हा पट्टा साडेबारा किलोहर्ट्झच्या पायऱ्यांनी तपासायचा तर तीन हजारांवर पायऱ्या होतात. सेकंदाला दहा पायऱ्या तपासणारा संच धरला, तरी एक फेरी पुरी व्हायला पाच मिनिटं लागतील. आणि वायरलेसवरचं एक वाक्य किती वेळाचं असतं? "पहिन्याच्या पुढे एक आजी बसून आहेत, गाडी पाठवा." चार सेकंद. पाच मिनिटांच्या फेरीत हे चार सेकंद हाती लागणं हा निव्वळ योगायोग. तेच आठ चॅनल निवडून ठेवले तर संच प्रत्येकावर दर सेकंदाला एकदा येतो. मग ते वाक्य चुकत नाही, फार तर पहिला शब्द कापला जातो. म्हणून आम्ही हॅम लोक नवशिक्याला सांगतो की आधी "हॅलो हॅलो" म्हण, क्षणभर थांब आणि मग निरोप दे.

निवडलेले चॅनल संचाच्या मेमरीत भरणं म्हणजेच प्रोग्रॅमिंग. एकेका मेमरीत पाच-सहा गोष्टी असतात: फ्रिक्वेन्सी, मोड, पायरी, टोन, नाव, आणि हा चॅनल स्कॅनमध्ये घ्यायचा की वगळायचा. बटणं दाबूनही हे करता येतं, पण माझ्या वयाला ती बटणं बारीक पडतात. मी लॅपटॉपला केबल जोडतो आणि चर्प नावाच्या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये तक्ता भरतो. एका ओळीत एक चॅनल. पहिलं काम म्हणजे संचात आधी काय आहे ते वाचून त्याची प्रत ठेवणं. मगच बदल. शेजारच्या दहावीतल्या मुलीला मी हे शिकवलं तेव्हा तिने प्रतीच्या फाइलला तारीख घातली आणि म्हणाली, "आजोबा, आता काहीही बिघडलं तरी परत येता येईल." तिला ते न सांगता कळलं याचा मला फार आनंद झाला.

मोडबद्दल थोडं. आकाशवाणीचं एफएम आणि वॉकी-टॉकीचं एफएम तत्त्वाने एकच, पण रुंदी वेगळी. गाण्यांचं प्रसारण मूळ फ्रिक्वेन्सीच्या दोन्ही बाजूंना पंचाहत्तर किलोहर्ट्झपर्यंत हलतं, तर वॉकी-टॉकी पाच किंवा अडीच किलोहर्ट्झच. चुकीची रुंदी टाकली की आवाज एक तर फार बारीक येतो, नाही तर फाटतो. पुष्कळ जण अँटेनाला दोष देतात, आणि दुखणं त्या एका खान्यात असतं.

आता कायदा. माझ्या लहानपणी नुसता रेडिओ घरात ठेवायलाही परवाना लागायचा. वडील दर वर्षी पोस्टात पैसे भरून पुस्तकात तिकीट लावून आणत. घरगुती रेडिओचा तो परवाना १९८० च्या दशकात गेला, पण म्हणून हवेतलं सगळं सगळ्यांना मोकळं झालं असं नाही. १९३३ च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्याने विनापरवाना बिनतारी संच बाळगणंच गुन्हा ठरवलं. आता २०२३ चा दूरसंचार कायदा आला आहे, आणि त्यात बेकायदा संदेश ऐकणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन कोटी रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. २६ जून २०२४ पासून हा भाग लागू झाला. पोलिसांच्या, विमानांच्या, सैन्याच्या फ्रिक्वेन्सी मी मेमरीत का टाकत नाही, याचं एक उत्तर हे. दुसरं उत्तर कायद्यापलीकडचं आहे. पोलिसांच्या वायरलेसवर कुणाच्या घरात काय घडलं, कुठे कोण सापडलं, हे बोललं जातं. ते माझ्यासाठी नाही. आमचं गाव लहान आहे. ऐकलेली गोष्ट अर्ध्या तासात कुशावर्तावर पोचते, तीही तिखटमीठ लावून. शिवाय पोलिस दलं आता डिजिटल आणि कूटबद्ध यंत्रणांकडे चालली आहेत. तिथे चोरून कान लावणाऱ्याला गुरगुरीपलीकडे काही मिळणार नाही.

मग मोकळं काय आहे? पुष्कळ आहे. हॅम रेडिओ हा मुळात उघडा कारभार. आम्हाला सांकेतिक भाषेत बोलायची परवानगीच नाही, जे बोलायचं ते साध्या भाषेत आणि स्वतःची ओळख, म्हणजे कॉलसाइन, सांगून. आपल्याकडे दोन मीटरचा हॅम बँड १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ आहे. त्यातली १४५.५०० ही एकमेकांना हाक मारण्याची फ्रिक्वेन्सी, माझ्या मेमरीत पहिली. दुसरी आम्हा दोस्तांची ठरवलेली, तिसरी रिपीटरची. रिपीटर म्हणजे उंच जागेवरचा संच. तो एका फ्रिक्वेन्सीवर ऐकतो आणि त्याच क्षणी दुसरीवर जोरात सांगतो. दोन मीटरवर या दोन्हींत सहाशे किलोहर्ट्झचं अंतर असतं. रिपीटर मेमरीत टाकताना हे अंतर आणि टोन (त्याबद्दल पुढे सांगतो) विसरलं, तर ऐकू सगळं येतं पण आपलं कुणालाच जात नाही.

चौथी मेमरी आकाशातली. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर हॅम रेडिओ आहे आणि तिथला आवाज १४५.८०० वर उतरतो. चारशे किलोमीटर उंचीवरून, सेकंदाला साडेसात किलोमीटरहून जास्त वेगाने ते जातं, त्यामुळे येताना फ्रिक्वेन्सी साधारण साडेतीन किलोहर्ट्झ वर सरकलेली असते आणि जाताना तेवढीच खाली. म्हणून मी त्याच्या तीन मेमरी केल्या आहेत: १४५.८०५, १४५.८०० आणि १४५.७९५. डोक्यावरून जायला दहाएक मिनिटं लागतात. त्र्यंबकमध्ये मात्र पश्चिमेला ब्रह्मगिरी उभा, आणि स्थानक नेहमी पश्चिमेकडून येतं. त्यामुळे पहिली काही मिनिटं डोंगर खातो. मग कड्यावरून ते वर आलं की एकदम, कुठलीही पूर्वसूचना न देता, स्वच्छ आवाज. कधी कधी तिथून चित्रं पाठवतात. चिवचिवाटासारखा सूर येतो, साधारण दोन मिनिटांत एक चित्र, आणि मोबाइल रेडिओजवळ धरला की ॲप ते उलगडतं. जुलै २०२५ मध्ये आपले अंतराळवीर शुभांशु शुक्ला स्थानकावरून हॅम रेडिओवर भारतातल्या विद्यार्थ्यांशी बोलले. ही बातमी मी गल्लीतल्या पोरांना सांगितली, तेव्हापासून पोलिसांचा प्रश्न थोडा कमी झाला आहे.

त्याच स्थानकाची १४५.८२५ ही फ्रिक्वेन्सी संगणकी संदेशांची आहे. तिच्यावर ब्र्राप, ब्र्राप असे तुकडे येतात, माणसाचा आवाज नाही. ती मेमरीत आहे पण स्कॅनमधून वगळलेली. याला लॉकआउट किंवा स्किप म्हणतात. ही सोय लोक वापरतच नाहीत, आणि मग दर दोन सेकंदांनी अडकणारा संच वैतागून बंद करून टाकतात. जिथे संच विनाकारण अडकतो तो चॅनल वगळा, पुसू नका. गरज पडली की हाताने तिथे जाता येतं.

एक गोष्ट मनाला लागली ती सांगतो. अमेरिकेच्या नोआ मालिकेतले तीन हवामान उपग्रह, १५, १८ आणि १९ क्रमांकाचे, १३७ मेगाहर्ट्झच्या आसपास ढगांची चित्रं सतत खाली पाठवत. ज्याला हवं त्याने घ्यावीत. लॅपटॉपला लावायचा अंगठ्याएवढा रेडिओ, म्हणजे एसडीआर डोंगल, आणि गच्चीवर दोन दांड्यांची अँटेना एवढ्यावर मी जूनमध्ये अरबी समुद्रावरून चढून येणारा पाऊस स्वतः बघायचो. सेकंदाला दोन ओळी, हळूहळू कोकण किनारा, मग घाटमाथा, आणि त्यावर पांढरं दाट. २०२५ च्या जून ते ऑगस्टमध्ये तिन्ही उपग्रह बंद करण्यात आले. १५ क्रमांकाचा तर १९९८ पासून फिरत होता. मेमरीतून त्या तीन ओळी काढताना हात जड झाला. आता रशियाचे मेटिओर आहेत १३७.९ वर, पण ते डिजिटल. साध्या कानाला ती नुसती सळसळ.

राहिले बिनापरवान्याचे वॉकी-टॉकी. २०१८ च्या नियमांप्रमाणे ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झमध्ये अर्ध्या वॉटपर्यंतचे हातातले संच वापरायला वेगळा परवाना लागत नाही. साडेबारा किलोहर्ट्झच्या पायरीने तिथे सोळा चॅनल बसतात. या पट्ट्याबाहेर बोलणारा संच परवान्याशिवाय वापरला तर तो गुन्हा, मग तो ऑनलाइन कितीही सहज मिळो. २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने याच कारणासाठी ऑनलाइन विक्रेत्यांना नोटिसा काढल्या. मंडळांच्या कार्यकर्त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे की घेताना खोक्यावरची फ्रिक्वेन्सी बघा. स्वस्तातल्या पुष्कळ संचांमधून तर पोलिसांच्या आणि रुग्णवाहिकांच्या पट्ट्यातही बटण दाबून बोलता येतं. गर्दीच्या दिवशी कुणी तिथे चुकून बोललं, तर तेवढा वेळ खरा निरोप अडला. चूक कुणाची, हे नंतर शोधून काय उपयोग?

या सोळा चॅनलवर श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी काय होतं ते प्रत्यक्ष ऐकावं. ब्रह्मगिरीच्या फेरीला लोटच्या लोट निघतात. कुशावर्तात स्नान करून पेगलवाडी, पहिने असं करत डोंगराला वळसा घालून सापगावच्या बाजूने परत. लहान फेरी वीसेक किलोमीटरची. रात्रभर माणसं चालतात, पाऊस असतो, मोबाइलला रेंज दिसते पण फोन लागत नाही, कारण टॉवरवर एकाच वेळी फार जण टेकलेले. सेवा करणाऱ्या गटांकडे वॉकी-टॉकी असतात आणि बहुतेकांचे संच पेटीतून काढले तसेच, पहिल्याच चॅनलवर. चहावाले, पाणीवाले, चपला सांभाळणारे, प्रथमोपचारवाले, सगळे एकाच ठिकाणी.

इथे टोन कामाला येतो. बोलण्याबरोबर संच एक अगदी खालचा सूर पाठवतो, ६७ ते २५४ हर्ट्झच्या दरम्यानचा. स्पीकर तो गाळून टाकतो म्हणून आपल्याला ऐकू येत नाही, पण समोरचा संच तो ओळखतो. आपल्या गटाचा सूर असेल तरच दरवाजा उघडायचा, असं मेमरीत भरता येतं. म्हणजे चॅनल एकच असला तरी चहावाल्यांचं बोलणं प्रथमोपचारवाल्यांच्या कानाशी येत नाही. दुकानदार याला "प्रायव्हसी कोड" म्हणून विकतात. त्यात गुप्त काहीच नाही. ज्याने टोन लावला नाही त्याला सगळं ऐकू येतं.

याचा धोका मात्र कुणी सांगत नाही. टोन लावला की दुसऱ्यांचं ऐकू येत नाही, पण ते हवेत असतातच. आपला चॅनल शांत आहे असं समजून आपण बटण दाबतो आणि दुसऱ्याच्या बोलण्यावर बोलतो. एफएमचा स्वभाव असा की दोन सिग्नल एकत्र आले की जो जोराचा तोच ऐकू येतो. दुबळा नुसता गायब होतो. खरखर होत नाही, गोंधळ होत नाही, काही हरवलं आहे याची खूणही राहत नाही. पेगलवाडीत उभा राहून चहाची चौकशी करणाऱ्याने डोंगरामागच्या कुणाचा मदतीचा निरोप गिळला, तरी ते दोघांनाही कळणार नाही. म्हणून बोलण्याआधी मॉनिटरचं बटण दाबून टोनशिवाय क्षणभर ऐकायचं. ही एक सवय लागली तरी या लेखाचं सार्थक झालं असं मी समजेन. आणि शक्य असेल तिथे टोनच्या भरवशावर न राहता गटागटांनी चॅनल वाटून घ्यावेत. सोळा आहेत, पुरतात.

मी ज्या गटाबरोबर जातो त्यांनी तीन चॅनल ठरवले आहेत: एक निरोपांचा, एक प्रथमोपचाराचा, एक रिकामा राखीव. प्रथमोपचाराचा चॅनल सगळ्यांच्या संचात प्रायॉरिटीला टाकला आहे. प्रायॉरिटी म्हणजे दुसरं काही ऐकत असतानाही संच दर काही सेकंदांनी तिथे डोकावतो आणि कुणी बोलत असलं की तिकडे उडी मारतो. स्कॅन थांबल्यावर पुन्हा कधी सुरू व्हावा, हेही ठरवावं लागतं. काही संच पाच सेकंद थांबून पुढे जातात, मग बोलणं चालू असो वा नसो. आमच्या कामाला ते चालत नाही. बोलणं संपल्यावर दोन सेकंद थांबून पुढे जा, अशी सोय असेल तीच निवडायची, कारण उत्तर त्या दोन सेकंदांतच येतं.

आणि डोंगर. एवढ्या उंच फ्रिक्वेन्सीच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. कड्यावर थोड्या वाकतात, १४५ च्या जरा जास्त आणि ४४६ च्या कमी, पण ब्रह्मगिरी हा साधारण तेराशे मीटर उंचीचा काळा पाषाण आहे. पहिने ओलांडून मागे गेलेल्या माणसाचा अर्धा वॉट त्र्यंबकच्या गल्लीत पोचत नाही, कितीही महागडा संच आणा. यावर प्रोग्रॅमिंगचा इलाज नाही, जागेचा आहे. म्हणून मी गावात न थांबता बारीवर, म्हणजे खिंडीत, दोन्ही उतारांकडे नजर जाईल अशा ठिकाणी, कुणाच्या तरी ताडपत्रीखाली बसतो. मागच्या बाजूचा निरोप ऐकायचा, लिहून घ्यायचा, शब्द न बदलता पुढे सांगायचा. माणसाचाच रिपीटर. एकदा रात्री तीनच्या सुमाराला मागून आवाज आला की जळगावकडच्या एक बाई आहेत, पाय मुरगळला आहे, बरोबरचे पुढे निघून गेले. त्या मुलाने जागाही नीट सांगितली: ओढ्याच्या अलीकडे, भाताच्या खाचराला लागून, पिवळी ताडपत्री. मी तेच शब्द पुढे दिले. गाडी गेली. पुढच्या निरोपात कळलं की त्यांच्या सुनेला फाट्यावर गाठून त्यांच्याकडे पाठवलं. या साऱ्यात माझ्या संचाने एकही नको तो चॅनल ऐकवला नाही, म्हणून ते चार सेकंद मला मिळाले.

अँटेनाचं थोडक्यात सांगतो. १४५ मेगाहर्ट्झची लहर सुमारे २०७ सेंटिमीटरची. तिचा चौथा हिस्सा, त्यातून पाच टक्के वजा, म्हणजे ४९ सेंटिमीटरची एक उभी पितळी दांडी आणि खाली तिरक्या चार. ४४६ साठी हीच दांडी सोळा सेंटिमीटरची. घरी करता येते आणि संचाबरोबरच्या रबरी शेपटीपेक्षा कितीतरी सरस चालते. त्र्यंबकच्या पावसात खरा शत्रू केबलमध्ये शिरणारं पाणी आहे. जोडावर चांगली रबरी टेप गुंडाळा आणि केबल घरात शिरण्याआधी तिला खाली लोंबता वळसा द्या, म्हणजे पाणी तिथूनच गळून जाईल. वळवाच्या दिवसांत विजा दिसू लागल्या की अँटेनाची केबल संचातून काढून घराबाहेर टाकायची, मग बाकी काहीही चालू असो.

ऐकण्याचं हे सगळं शिक्षण आपल्याकडे फार मोलाचं ठरलेलं आहे. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी हॅम रेडिओच्या मोहिमेसाठी पोर्ट ब्लेअरला गेले होते. २६ तारखेला त्सुनामी आली, दूरध्वनी बंद पडले, आणि त्यांचं केंद्र अंदमानचे निरोप मुख्य भूमीकडे पोचवायला लागलं. त्यांच्याजवळ यंत्रं तर होतीच, पण कुठल्या फ्रिक्वेन्सीवर, कुठल्या वेळी, कोण ऐकत असेल हे त्यांना पाठ होतं. गर्दीचं म्हणाल, तर आमच्या नाशिकने २७ ऑगस्ट २००३ चा दिवस पाहिला आहे. सिंहस्थातल्या शाही स्नानाच्या गर्दीत, काळाराम मंदिराच्या परिसरातल्या अरुंद रस्त्यावर चेंगराचेंगरी झाली आणि जवळपास चाळीस माणसं गेली. गर्दीत पुढे काय झालं आहे ते मागच्याला कळत नाही आणि तो रेटत राहतो. पुढची बातमी मागे पोचवणं हे गर्दीच्या व्यवस्थेतलं पहिलं काम. ते पोलिसांचं आणि प्रशासनाचं आहे, तेच करतात आणि त्यांनीच करावं. पण मंडळं, आश्रम, वैद्यकीय पथकं यांच्यातलं बोलणं तरी आपापल्या चॅनलवर शिस्तीत चालावं, एवढं आपण बघू शकतो.

ज्यांना यापुढे जायचं आहे त्यांनी हॅमची परीक्षा द्यावी. बारा वर्षं पूर्ण झालेलं कुणीही देऊ शकतं. दूरसंचार विभागाची वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन विंग ती घेते आणि अर्ज 'सरल संचार' या सरकारी पोर्टलवर भरता येतो. रिस्ट्रिक्टेड दर्जाला मोर्स कोड लागत नाही. विजेची मूलतत्त्वं आणि नियम, दोन्ही मराठी माध्यमाच्या दहावीच्या मुलाला झेपतील असे आहेत. फक्त इंग्रजी संज्ञांची भीती घालवावी लागते, आणि ती मी घालवू शकतो. शेजारची ती मुलगी तयारीला लागली आहे. आदिवासी पाड्यांवरची, हरसूल-वेळुंजे भागातली मुलं यात यावीत असं मला फार वाटतं, कारण पावसाळ्यात दरड पडली, लाईट गेली, टॉवर बसला की सगळ्यात आधी तुटतात ते तेच. त्या डोंगरांवर कुठून कुठे सिग्नल जातो हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नाही.

सिंहस्थाच्या त्र्यंबकमधल्या पर्वण्या २०२७ मध्ये आहेत: २ ऑगस्ट, ३१ ऑगस्ट आणि १२ सप्टेंबर. ऐन पावसाळा. आमच्या गटाने तोवरचं काम वाटून घेतलं आहे. या श्रावणात बारीवरून दोन्ही बाजूंच्या ठिकाणांची चाचणी घेऊन कुठून ऐकू येतं आणि कुठून नाही याचा नकाशा करायचा. इतर मंडळांना भेटून सोळा चॅनल कोणी कोणते घ्यायचे ते लेखी ठरवायचं. सगळे संच एकाच फाइलवरून भरायचे, म्हणजे तिसरा चॅनल प्रत्येकाच्या हातात तिसराच असेल. आणि प्रत्येक संचाच्या पाठीवर चॅनलची यादी मराठीत, ठळक अक्षरांत, प्लॅस्टिकची पट्टी लावून चिकटवायची. रात्री दोन वाजता संच कुणाच्या हातात असेल ते आज सांगता येत नाही, आणि त्याला ती बॅटरीच्या उजेडात वाचता आली पाहिजे.